भरतीच्या पोरीसाठी घरचा एनर्जी बार

ताई, नमस्कार. आम्ही सेलू तालुक्यातले. कोरडवाहू शेती आहे, सोयाबीन, तूर आणि रब्बीला ज्वारी. मोठी मुलगी बीए झाली. आता परभणीत खोली करून राहते आणि पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे 5 ला ग्राउंड, मग क्लास, मग अभ्यासिका. मेसचा डबा दुपारी 1 ला येतो. मधे भूक लागली की दुकानातला एनर्जी बार घेते, एकेक 50 रुपयांचा. रोज कुठून परवडणार? म्हणून घरीच करून एसटीनं पाठवायचं ठरवलं. पहिल्यांदा मोबाईलवर बघून ओट्स, मध, काजू-बदाम घालून केले, तर तिच्या हातात पडेस्तोवर भुगा झाला. दुसऱ्यांदा गुळाचा पाक करून केले, तर दात पडतील इतके कडक. सासूबाई म्हणतात, ते बार-बिर सोड, शेंगदाण्याचा लाडू दे. घरचं सोयाबीन आहे, ते भाजून घातलं तर ताकद येईल का? आमच्या ह्यांना शुगर आहे, गूळ न घालता नुसत्या खजुराचे केले तर त्यांनाही चालतील का? उन्हाळ्यात किती दिवस टिकतील? आणि पोरगी हल्ली लवकर दमते. पळताना चक्कर आल्यासारखं होतं म्हणते. त्यावर कोणता बार चांगला?

— एक आई, तालुका सेलू, जिल्हा परभणी

ताई, नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याचं उत्तर कढईत नाही. पळताना चक्कर येत असेल आणि लवकर दम लागत असेल, तर आधी मुलीचं रक्त तपासून घ्या. परभणीतच आहे ती, सकाळचं ग्राउंड झालं की सरकारी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन बघून येऊ द्या. या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. आपल्याकडे मुलींमध्ये ही तक्रार घरोघरी सापडते आणि पुष्कळदा ती वर्षानुवर्षं अंगावर काढली जाते. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना न लाजता सांगायला सांगा. रक्त कमी निघालं तर गोळ्या किती आणि किती दिवस ते डॉक्टर ठरवतील. गुळात लोह असतं म्हणून गूळ खाऊन रक्त भरून निघेल असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण वडीतल्या 10 ग्रॅम गुळातून मिळणारं लोह इतकं थोडं असतं की त्याच्या भरवशावर बसू नका. आणि रक्त चांगलं असूनही चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना पुढचं बघू द्या. तोवर जोर लावून पळू नको म्हणा.

दुसरं, तिच्या दिवसाचा हिशोब मांडून बघा. रात्री 8 ला जेवली आणि पुढचं पोटभर जेवण दुपारी 1 ला. म्हणजे सतरा तास. त्यातच पळणं, गोळाफेक, उठाबशा. उपाशी पोटी एवढं केल्यावर धडधाकट माणसालाही गरगरेल. तिला बार हवाय तो या सतरा तासांसाठी, हे एकदा पक्कं केलं की त्यात काय घालायचं, केवढा करायचा, कधी द्यायचा, सगळं आपोआप ठरत जातं.

कधी द्यायचा ते सांगते, कारण इथं बहुतेकांचं चुकतं. दाणे-तिळाची वडी पोटात जड असते, तेलबियांचं पचन हळू होतं. पळायच्या पंधरा मिनिटं आधी ती खाल्ली तर पोटात गोळा येईल, मळमळेल. मुलींची धाव 800 मीटरची. चांगले गुण पाडायचे तर ती तीन मिनिटांच्या आत संपवायची असते. तेवढ्यासाठी पोटात ऐनवेळी काही ढकलायची गरजच नसते. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं रौप्य मिळवलं, तेही 8 मिनिटं 11 सेकंदांचं काम. एवढ्या वेळाला लागणारी शक्ती आदल्या दिवशीच्या जेवणातून अंगात साठलेली असते. म्हणून पहाटे उठल्यावर 2 खजूर किंवा 1 केळं, सोबत पेलाभर पाणी, एवढंच. ग्राउंड संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत 1 बार आणि पेलाभर दूध. दूध मिळत नसेल तर उकडलेलं अंडं किंवा मोड आलेली मटकी. मग क्लास-अभ्यासिकेच्या मधे, 10-11 च्या सुमाराला, वाटलं तर दुसरा बार. दिवसाला दोन पुरे. तिसऱ्याची भूक लागत असेल, तर तिचं जेवण कमी पडतंय. मेसवाल्याला एक भाकरी आणि वाटीभर वरण वाढवून मागायला सांगा.

आता कढईकडे वळू.

पहिल्या खेपेला भुगा का झाला? मध कितीही घातला तरी थंड झाल्यावर तो घट्ट होत नाही. चिकट राहतो, पण बांधून ठेवत नाही. त्यात ओट्स सुटे, काजू-बदाम मोठे मोठे, मधल्या फटी रिकाम्या. एसटीच्या हादऱ्यात ते टिकणारच नव्हतं. दुसऱ्या खेपेला तुमचा पाक पुढे गेला. आणि मला एक शंका आहे: संक्रांतीचा उरलेला चिक्कीचा गूळ तर नव्हता ना? तो गूळ मुळातच कडक, कटकन मोडणारा पाक धरतो. वडी चावता यावी असं वाटत असेल तर नेहमीचा साधा गूळ घ्या. फार पिवळाधमक, चकचकीत गूळ टाळा. रंग उजळावा म्हणून त्यात रसायन घातलेलं असू शकतं. काळपट-तांबूस गूळ घ्यायचा.

16 बारचं प्रमाण देते. शेंगदाणे 150 ग्रॅम, तीळ 50, जवस 30, डाळवं 50, ज्वारीच्या लाह्या 40, बिनबियांचा खजूर 100, गूळ 150, तूप 2 चहाचे चमचे, मीठ पाव चमचा, थोडी सुंठ-वेलची. घरात तराजू नसेल तर किराणा दुकानातूनच मोजून बांधून आणा. वाटीच्या मापात लाह्या आणि तीळ फसवतात.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. एकत्र टाकले तर दाणे कच्चे राहतात आणि तीळ करपतात, आणि करपलेला तीळ सगळ्या घाण्याला कडू करतो. दाणे मंद आचेवर, साल सुटून आतला रंग फिका बदामी होईपर्यंत. भाजण्याआधी परातीत पसरून निवडून घ्या. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे, किडके दाणे बाजूला काढा आणि फेकूनच द्या. बुरशीच्या दाण्यात जे विष तयार होतं ते भाजून जात नाही. भाजल्यावरही एखादा दाणा तोंडात कडू लागला तर थुंकून टाका आणि बाकीचे पुन्हा एकदा नजरेखालून घाला. घरचे तीळ असतील तर पाखडून, धुऊन, कडकडीत वाळवून घ्या, नाहीतर कचकच येते. पॉलिशच्या पांढऱ्याशुभ्र तिळापेक्षा सालासकटचे गावरान तीळ घ्या. तिळातलं कॅल्शियम बरंचसं त्या सालातच असतं. जवस भाजताना झाकण हाताशी ठेवा, ते तडतडून उडतं. तडतड थांबत आली की उतरवायचं आणि गार झाल्यावर मिक्सरमध्ये जाडसर फिरवायचं. अख्खं जवस बहुतेक जसंच्या तसं पोटातून निघून जातं. पण दळलेलं जवस उन्हाळ्यात फार लवकर खवट होतं, म्हणून घाण्यापुरतंच दळा. मोठी बरणी भरून ठेवू नका.

लाह्या नागपंचमीला घरी करत असाल तर विचारायलाच नको. ज्वारी गरम पाण्यातून काढून रात्रभर फडक्यात बांधून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तापलेल्या कढईत मूठ-मूठ टाकून फोडायची. नाहीतर बाजारातल्या चालतात. फक्त चाळून घ्या. न फुटलेला एखादा दाणा वडीत राहिला तर दाढेखाली दगड आल्यासारखं होतं. लाह्यांनी बार हलका होतो आणि ओट्सचा खर्च वाचतो. ओट्स वाईट नाहीत, पण ज्वारी घरात असताना त्यांची गरज मला दिसत नाही.

दाण्यांचे दोन भाग करा. अर्ध्यांचं बारीक कूट, अर्धे नुसते भरड. भरड दाण्यांच्या मधल्या फटी कुटानं भरल्या की वडी बसते. डाळव्याचंही पीठ करा. ते पाकातला ओलावा धरून ठेवतं आणि प्रथिनंही देतं. जवसाचा जाडसर चुरा, तीळ आणि हातानं चुरलेल्या लाह्या त्यात मिसळा आणि हे कोरडं सगळं परातीत तयार ठेवा. पाक झाला की शोधाशोध करायला वेळ मिळत नाही.

जाड बुडाच्या कढईत निम्मं तूप टाकून खजुराचे तुकडे मंद आचेवर परता. उलथण्यानं दाबत राहिलं की दोन-तीन मिनिटांत लगदा होतो. पाणी अजिबात घालायचं नाही. मिक्सर फिरत नाही म्हणून पुष्कळजणी खजुरात पाणी ओततात आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी बारवर बुरशी येते. लगदा काढून ठेवा. त्याच कढईत उरलेलं तूप, किसलेला गूळ आणि 2 चमचे पाणी. हे पाणी उकळून उडून जातं, त्याची काळजी नाही. गुळात कचरा दिसला तर वितळल्यावर गाळून पुन्हा चढवा. आच मंदच.

शेजारी वाटीत गार पाणी घेऊन बसा आणि मधून मधून पाकाचा थेंब त्यात टाका. सुरुवातीला तो विरघळून जाईल. थोड्या वेळानं तळाशी बसेल पण हाताला लागणार नाही. त्यानंतर एक वेळ अशी येते की थेंब पाण्यातच बोटांनी गोळा करता येतो, त्याची मऊ गोळी होते आणि दाबली की चपटी होते. तिथं थांबायचं, गॅस बंद. हा गोळीबंद पाक. अजून मिनिट-दोन मिनिटं गेली की तीच गोळी कडक होईल आणि मोडताना कट् असा आवाज येईल. तो चिक्कीचा पाक, तुमच्या दुसऱ्या खेपेचा. या दोन्हींत फार थोडा वेळ असतो, म्हणून या वेळी फोन वाजला तरी उचलू नका.

गॅस बंद केल्यावर खजुराचा लगदा, मीठ, सुंठ-वेलची घालून भराभर घोटा आणि कोरडं मिश्रण ओतून उलथण्यानं खालीवर करा. मीठ विसरू नका. घामातून ते रोज जातं, आणि चिमूटभर मिठानं गोडही बरं लागतं. तूप लावलेल्या ताटात किंवा डब्याच्या झाकणात ओतून सपाट बुडाच्या वाटीनं दाबा. वरवर थापून भागत नाही, अंगाचा भार देऊन दाबायचं, आधी कडा आणि मग मधला भाग. बार सुटण्याचं निम्मं कारण ढिलं दाबणं हेच असतं. 10 मिनिटांनी, अजून कोमट असतानाच सुरीनं 16 भाग पाडा. पूर्ण गार झाल्यावर सोडवा.

एवढं करूनही कडक झाले तर फेकू नका. तुकडे करून कढईत चमचाभर पाणी आणि थोडा खजूर घालून मंद आचेवर पुन्हा मऊ करा आणि परत थापा. पाणी घातलेलं असल्यामुळे तो घाणा मात्र 4-5 दिवसांत संपवायचा. भुसभुशीत झाले तर तूप कोमट करून हाताला लावा आणि लाडू वळा.

या मापाचा एक बार साधारण 160 कॅलरीचा होतो आणि त्यात 4 ग्रॅमच्या थोडी वर प्रथिनं असतात. गूळ आणि खजूर मिळून साखर धरली तर सुमारे 13 ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे. घरचा आहे म्हणून तो बिनसाखरेचा होत नाही, हे मुद्दाम सांगते. पळणाऱ्या पोरीला ही साखर लागते. अभ्यासिकेत बसून एका वेळी चार बार खाणाऱ्याला नाही. बाजारच्या बारच्या मागे जिन्नसांची यादी असते, ती वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते. तिच्या हातात पुढचा बार आला की पहिली तीन नावं वाचायला सांगा. ग्लुकोज सिरप किंवा साखर त्यात असेल, तर 50 रुपये कशाचे जातात ते तिचं तिलाच कळेल.

हाच धागा तुमच्या घरातल्या दुसऱ्या प्रश्नाला लागतो. ह्यांना शुगर आहे, तर नुसत्या खजुराचा बार चालेल का? नाही. खजुराच्या वजनातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग साखरच असतो. ‘शुगर फ्री’ म्हणून जे खजुराचे लाडू विकतात, त्यांनी शुगरवाल्या माणसांचं नुकसानच केलंय. ह्यांच्यासाठी वेगळं काही रांधायला नको. भाजलेले शेंगदाणे, डाळवं, चिमूट मीठ आणि जिरेपूड, मूठभर एका डबीत, शेतावर जाताना खिशात. अजून एक, आणि हे नीट लक्षात ठेवा: गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कधी शुगर एकदम कमी होऊन घाम फुटला, हात थरथरले, तर असा बार देऊ नका. त्यातल्या दाणे-तिळांमुळे साखर रक्तात हळू उतरते. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्यायची. 15 मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच, आणि दवाखाना गाठायचा. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका. उचलून सरळ दवाखान्यात न्या.

सोयाबीनचं विचारलंत. सोयाबीनच्या दाण्यात 40 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे शेंगदाण्यापेक्षाही बरीच जास्त. घरचं आहे तर वापरावंसं वाटणं साहजिक आहे. पण नुसतं वरवर भाजून घालू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडवणारे घटक असतात आणि ते नीट शिजल्याशिवाय जात नाहीत. रात्रभर भिजवा, सकाळी पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात कुकरला लावून दाणा बोटात मऊ लागेपर्यंत शिजवा. चोळून सालं काढा, फडक्यावर पसरून खडखडीत वाळवा आणि मग मंद आचेवर खमंग भाजून दळा. डाळव्याचं निम्मं पीठ काढून तेवढं हे घातलं तरी चालतं. त्याहून जास्त घातलं तर उग्र वास येतो आणि पोरं तोंड फिरवतात. पहिल्यांदा केलं की सुट्टीला घरी आलेली असताना तिला खाऊ घालून बघा. काहींना सोयाबीननं पोट फुगतं, आणि ते ग्राउंडवर कळायला नको.

मात्र एक गोष्ट हात जोडून सांगते. पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतलं उरलेलं बियाणं खाण्यात कधीही वापरायचं नाही. त्याला औषध चोळलेलं असतं. कधी लाल-गुलाबी रंग दिसतो, कधी दिसतही नाही. धुऊन, शिजवून, भाजून ते विष निघत नाही. ज्वारीच्या बियाण्याचंही तेच. खाण्याचं आणि पेरायचं एकाच कोठीत ठेवत असाल तर आजच वेगळं करा.

टिकण्याचं गणित ऋतूवर आहे. थंडीत हे बार पंधरवडाभर खुशाल राहतात. एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा 42-43 ला जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून उकडतं, तेव्हा आठवड्याचा हिशोब धरा. पाकही तेव्हा थेंबभर पुढे न्या, गोळी थोडी घट्ट लागेपर्यंत, म्हणजे बार उन्हात लिबलिबीत होणार नाहीत. वर चॉकलेट वगैरे लावू नका, डबा उघडेपर्यंत सगळं एकमेकांना चिकटलेलं असेल. पावसाळ्यात गूळ हवेतलं पाणी ओढतो, त्या दिवसांत घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा हवाच. प्रत्येक बार बटर पेपरमध्ये वेगळा गुंडाळा आणि गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, नाहीतर आत वाफ धरते. एसटीत देताना डबा इंजिनाजवळ किंवा काचेच्या उन्हात ठेवू नका म्हणून कंडक्टरला सांगा. खोलीत पोचल्यावर माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवायचा. आणि तिला एक सांगून ठेवा, वास खवट आला किंवा चव जिभेला टोचली, तर आईनं केलंय म्हणून खाऊ नको, टाकून दे.

सासूबाईंचं म्हणणं? त्या बरोबर बोलतायत. शेंगदाणे, तीळ, गूळ, जवस, यातलं काहीही त्यांना शिकवण्यासारखं नाही. उलट पाकाची गोळी त्यांच्या बोटांना तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल, त्यांना कढईशेजारी बसवा. बारच्या आकाराचा फायदा एवढाच की 16 तुकडे सारखे होतात, एकात किती गेलं ते माहीत असतं, ट्रॅकसूटच्या खिशात मावतो आणि चार मैत्रिणींत काढायला पोरीला संकोच वाटत नाही. तिला लाडूच आवडत असेल तर याच मिश्रणाचे 16 लाडू वळा. अंगाला लागायचं ते तेवढंच लागेल.

रक्त वाढवायला खाण्यातून जी मदत होते ती रोजच्या ताटातून होते, म्हणून तिथंही लक्ष घाला. मेसमध्ये पालेभाजी आणि डाळ असेल त्या दिवशी वर लिंबू पिळायला सांगा. आवळा, पेरू, मोसंबी, जे हाताला लागेल ते. त्यातल्या क जीवनसत्त्वानं लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा पिऊ नको म्हणा, चहा लोह अडवतो. तासाभराचं अंतर ठेवलं तरी पुष्कळ. तुमच्याच जिल्ह्यातल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं 2018 साली ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण दिलं, त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. ते खरिपाचं वाण आहे. पुढच्या हंगामात घरच्या भाकरीपुरतं जरी पेरता आलं तर विद्यापीठात बियाण्याची चौकशी करून बघा. आणि उन्हाळ्यात ग्राउंडवरून आल्यावर नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा मीठ घातलेलं ताक किंवा ज्वारीची आंबील चांगली.

राहिला भरतीचा दिवस. मैदानावर पहाटे बोलावतात आणि नंबर कधी कधी दुपारपर्यंत लागत नाही. उन्हात रांगेत बसून पोरी कोमेजतात. बाहेर मिळेल तो वडापाव खातात किंवा भीतीनं काहीच खात नाहीत. त्या दिवशीसाठी आठवडाभर आधी ताजा घाणा करा आणि त्यातले बार अर्धे कापून वेगवेगळ्या कागदात बांधा. नंबर लागायला दोन तास तरी आहेत असं दिसलं तर अर्धा बार, सावकाश चावून, वर घोट-घोट पाणी. नंबर जवळ आलाय असं वाटलं तर बार नको, 2 खजूर फक्त. सोयाबीन, नवी पावडर, मैत्रिणीनं दिलेलं एनर्जी ड्रिंक, जे आधी कधी ग्राउंडच्या दिवशी घेतलेलं नाही ते त्या दिवशीही नाही. उरलेला अर्धा बार धाव झाल्यावर, गोळाफेकीच्या आधी.

रक्ताचा रिपोर्ट काय आला ते मला नक्की कळवा.